लाखोळीच्या डाळीपासून अल्झायमरपर्यंत : मेंदू का झिजतो, हे शोधणारी एक प्रयोगशाळा

भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या धानाच्या पट्ट्यात लाखोळी काय असते हे कुणाला सांगावं लागत नाही. धान अजून बांधीत उभा असतानाच ओल्या चिखलात बी फेकायचं, धान कापून झाला की मागे हे पीक उभं राहतं. पाणी नको, खत नको, फवारणी नको. वरण होतं, भजी होतात, कोवळ्या पाल्याची भाजी होते. आणि याच डाळीबद्दल दुसरी एक गोष्टही घराघरात ऐकलेली असते, ती म्हणजे 'लाखोळी खाल्ली की माणूस लंगडा होतो'. कुणी ती खरी मानतं, कुणी हसण्यावारी नेतं. या डाळीवरून बंदी, आंदोलनं, उपोषणं सगळं होऊन गेलं.

या वादात एक गोष्ट मात्र आपल्याकडे फारशी बोलली गेली नाही. याच डाळीतल्या विषाचा अभ्यास करता करता बंगळुरूच्या एका शास्त्रज्ञ बाईंनी मेंदूच्या पेशी मरतात कशा याचा एक धागा पकडला, आणि तोच धागा पुढे पार्किन्सन्स आणि अल्झायमरपर्यंत नेला. त्यांचं नाव डॉ. विजयालक्ष्मी रवींद्रनाथ. म्हातारपणी विसरभोळे झालेले आईवडील आज गावोगावी आहेत. त्यामुळे हे संशोधन नेमकं काय आहे, त्यातून काय हाती लागलं आणि काय अजून लागलेलं नाही, हे नीट समजून घेण्यासारखं आहे.

आधी रोग समजून घेऊ

लाखोळीमुळे होणाऱ्या रोगाला लॅथिरिझम म्हणतात. लाखोळीचं शास्त्रीय नाव लॅथायरस सटायव्हस, त्यावरून हे नाव पडलं. हिंदी भागात हिला खेसारी म्हणतात, छत्तीसगडकडे तिवडा. या रोगात माणूस मरत नाही, पण पाय जातात. पायाचे स्नायू कडक होतात, चालताना पाय एकमेकांत अडकतात, टाचा टेकत नाहीत. डॉक्टर लोक या रोगाच्या पायऱ्या काठीवरून मोजतात : बिनकाठीचा, एका काठीचा, दोन काठ्यांचा आणि शेवटी रांगणारा. हात, बोलणं, बुद्धी बहुधा शाबूत राहते. गेलेले पाय मात्र परत येत नाहीत.

रोग जुना आहे. 1830 च्या आसपास मध्य प्रदेशातल्या सागर भागात गव्हाचं पीक बुडालं, लोकांनी हीच डाळ खाऊन दिवस काढले आणि कितीतरी तरुण माणसं पायानं अधू झाली, असं इंग्रज अधिकारी स्लीमन यानं 1844 मध्ये छापलेल्या आपल्या पुस्तकात लिहून ठेवलं आहे. पुढे रीवा भागात वेठबिगार मजुरांना मजुरी म्हणून हीच डाळ देत. ज्याच्या ताटात दुसरं काही नव्हतं त्याला रोग झाला. मालक तीच डाळ खायचा, पण गहू, तांदूळ, दूध, भाजीबरोबर. त्याला काही झालं नाही.

इथेच या वादाचं उत्तर बरंचसं दडलेलं आहे. लाखोळीत विष आहे हे खरं. पण अधूनमधून वरणाला लाखोळी वापरणाऱ्याला लॅथिरिझम होत नाही, हेही खरं. महिनोन्महिने, रोजच्या जेवणाचा मोठा हिस्सा हीच डाळ असेल आणि जोडीला दुसरं सकस काही नसेल, तेव्हा रोग होतो. म्हणून तो दुष्काळात उसळतो आणि चांगल्या वर्षांत दिसेनासा होतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी गोंदिया जिल्ह्यातल्या गावांत केलेली पाहणी 2014 मध्ये प्रसिद्ध झाली. लोक लाखोळी खातात, पण थोडी, आणि रोगाचे रुग्ण मोजकेच, असं चित्र त्यातही होतं. 'डाळ निर्दोष आहे' आणि 'डाळ विषारी आहे' असं म्हणणाऱ्या दोन्ही बाजूंनी अर्धी अर्धी गोष्ट सांगितली, असं आमचं मत.

विष कोणतं, हे 1964 मध्ये सापडलं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राव, अडिगा आणि सर्मा या तिघांनी लाखोळीच्या दाण्यातून एक पदार्थ वेगळा काढला. त्याचं लांबलचक रासायनिक नाव आखडून त्याला ओडॅप म्हणतात. नाव लक्षात ठेवा, पुढे लागेल.

विष काय करतं?

मेंदूतल्या पेशी एकमेकींशी बोलताना काही रसायनं वापरतात. त्यातलं एक मोठं रसायन म्हणजे ग्लुटामेट. एका पेशीनं ग्लुटामेट सोडलं की पुढची पेशी जागी होते, उत्तेजित होते. काम झालं की ते लगेच आवरलं जातं. ओडॅपची ठेवण ग्लुटामेटसारखी आहे. त्यामुळे पेशीच्या दारावरचं कुलूप ते खोटी किल्ली लावल्यासारखं उघडतं आणि पेशी उत्तेजितच राहते. अशी सतत ताणलेली पेशी शेवटी थकून मरते.

एवढं बऱ्याच शास्त्रज्ञांना ठाऊक होतं. पण दोन प्रश्न सुटत नव्हते. ग्लुटामेटची दारं तर सगळ्या मेंदूभर आहेत, मग या विषानं फक्त पायच का जातात? आणि पुरुषांना, त्यातही तरुण पुरुषांना हा रोग जास्त आणि बायकांना कमी का होतो? पुरुष जास्त खातात, जास्त राबतात, असं उत्तर दिलं जायचं. पण धानाच्या बांधीत रोवणीला दिवसभर वाकलेल्या बायका पाहिल्या असतील तर हे उत्तर पटायला जरा जडच जातं.

विजयालक्ष्मी रवींद्रनाथ यांचा जन्म 1953 चा, चेन्नईचा. शिक्षण आंध्र विद्यापीठात आणि 1981 मध्ये म्हैसूर विद्यापीठाची पीएचडी. अमेरिकेतल्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत काही वर्षं काम करून त्या परतल्या आणि 1986 मध्ये बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य आणि मेंदूविज्ञानाच्या संस्थेत रुजू झाल्या. सुरुवातीचं काम वेगळंच होतं : आपण घेतलेलं औषध यकृतात पचतं हे माहीत होतं, पण मेंदूतही ते पचतं का? मृत व्यक्तींच्या मेंदूचे नमुने घेऊन त्यांनी ते तपासलं. त्या कामाच्या तपशिलात इथे शिरत नाही.

ओडॅपवरच्या प्रयोगात त्यांच्या गटानं उंदरांच्या मेंदूतल्या आणि मणक्यातल्या पेशींची वीजघरं तपासली. बहुतेक पेशींत शेकडो बारीक कण असतात, शाळेच्या पुस्तकात त्यांना तंतुकणिका म्हणतात, इंग्रजीतून आलेला शब्द मायटोकॉन्ड्रिया. खाल्लेल्या अन्नापासून पेशीला लागणारी ऊर्जा इथे बनते. ती बनवणारी यंत्रं रांगेनं लावलेली असतात. त्यातल्या पहिल्या यंत्राचं नाव कॉम्प्लेक्स वन.

ओडॅप दिलेल्या उंदरांत हे पहिलं यंत्र बंद पडायला लागलं, असं दिसलं. आणि ते सगळीकडे सारखं पडलं नाही. मेंदूच्या पुढच्या, हालचालीशी जोडलेल्या भागात आणि मणक्याच्या कमरेकडच्या भागात ते पडलं. म्हणजे बरोबर त्या वाटेवर, जिथून पायांना हुकूम जातात. माणसाचे पाय का जातात, याचं उत्तर उंदराच्या पेशीत दिसत होतं. हे काम 1990 च्या दशकातलं, त्यातला एक महत्त्वाचा शोधनिबंध 1998 चा.

यंत्र बंद का पडतं, हेही त्यात कळलं. प्रथिनांमध्ये जागोजागी गंधकाची टोकं असतात. विळ्याला जसा गंज चढतो, तशी ही टोकं पेशीतल्या ताणामुळे गंजतात. गंजली की प्रथिन काम करत नाही. ओडॅपमुळे पेशीतला ताण वाढतो, कॉम्प्लेक्स वनची गंधकाची टोकं गंजतात, ऊर्जा थांबते. महत्त्वाचं असं की पेशी मरण्याच्या आधी हे घडतं. आणि गंज काढणारे पदार्थ दिले तर यंत्र पुन्हा चालू होतं. म्हणजे पेशी मरण्याआधी काही वेळ असा असतो, ज्यात तिला वाचवता येतं.

घरातला गंज काढणारा

पेशीत हा गंज काढायला एक पगारी माणूस आधीच ठेवलेला असतो. त्याचं नाव ग्लुटारेडॉक्सिन. हे एक एन्झाइम आहे, आकारानं लहान. त्याचं काम एवढंच : गंजलेली गंधकाची टोकं पुन्हा पूर्ववत करणं. या प्रयोगशाळेचं पुढचं बरंचसं काम या एका एन्झाइमभोवती फिरतं.

बायकांना रोग कमी का, या प्रश्नाचं उत्तर इथे सापडलं. मादी उंदरांच्या मेंदूत हे एन्झाइम नरांपेक्षा जास्त असतं. मादीची बीजकोषं काढून टाकली की स्त्रीसंप्रेरक इस्ट्रोजेन घटतं, त्याबरोबर ग्लुटारेडॉक्सिन घटतं आणि मादीचं संरक्षणही जातं. मादी उंदरांच्या मेंदूत हे एन्झाइम मुद्दाम कमी केलं तेव्हाही कॉम्प्लेक्स वन ढासळलं.

उंदरातलं जसंच्या तसं माणसाला लागू होतं असं नाही, पण दीडशे वर्षं डॉक्टर जे नुसतं नोंदवत आले होते त्याला पहिल्यांदा पेशीतलं एक ठोस कारण मिळालं.

आता पार्किन्सन्सकडे वळू. हात थरथरणं, चाल मंदावणं, चेहरा कोरा पडणं अशी या रोगाची लक्षणं असतात. आपल्याकडे याला कंपवात म्हणतात. 1982 मध्ये अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात काही तरुण व्यसनी अचानक पुतळ्यासारखे गोठले. त्यांनी टोचून घेतलेल्या बनावट नशेत एमपीटीपी नावाचं रसायन चुकून तयार झालं होतं, आणि त्यानं त्यांना एका झटक्यात म्हाताऱ्या माणसाचा कंपवात दिला होता. डॉ. विल्यम लँगस्टन यांनी हा उलगडा केला. हे एमपीटीपी पेशीत जाऊन काय बिघडवतं? तेच, कॉम्प्लेक्स वन.

एक विष गरिबाच्या ताटातलं, दुसरं परदेशातल्या नशेतलं, आणि दोन्ही एकाच यंत्रावर घाव घालतात. रवींद्रनाथ यांच्या गटानं 2004 मध्ये दाखवलं की एमपीटीपीपासूनही मादी उंदरांचा बचाव जास्त होतो आणि त्यामागेही ग्लुटारेडॉक्सिनच आहे. पुढे असंही दिसलं की हे एन्झाइम कमी झालं की डीजे-वन नावाचं प्रथिन पेशीतून नाहीसं व्हायला लागतं. काही घराण्यांत कमी वयात पार्किन्सन्स होतो, त्यातल्या काहींत याच डीजे-वनचं जनुक बिघडलेलं असतं.

अल्झायमर : आठवण जाण्याच्या आधी

दरम्यान हरियाणातल्या मानेसरला राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र उभं राहिलं. त्याच्या त्या संस्थापक संचालक होत्या. 2009 मध्ये त्या बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आल्या, म्हणजे जिथे 1964 मध्ये ओडॅप सापडलं त्याच आवारात. पुढे तिथेच मेंदू संशोधन केंद्र सुरू झालं, त्याच्याही संस्थापक संचालक त्याच. 1996 चा भटनागर पुरस्कार आणि 2010 मध्ये पद्मश्री मिळाली, हे नोंदीपुरतं.

अल्झायमर हे स्मृतिभ्रंशाचं सगळ्यात मोठं कारण आहे. यात मेंदूत अमायलॉइड नावाच्या प्रथिनाच्या गुठळ्या साठतात. घरच्यांच्या लक्षात येतं तेव्हा बराच उशीर झालेला असतो. म्हणून या गटानं उलट्या बाजूनं सुरुवात केली : गुठळ्या साठण्याआधी, विसर पडण्याआधी काय बिघडतं?

मेंदूच्या पेशींच्या फांद्यांवर बारीक काटे असतात. दोन पेशींची गाठ या काट्यांवर पडते, आठवण तिथे टिकते. काटा उभा राहतो तो अॅक्टिन नावाच्या प्रथिनाच्या धाग्यांवर, मांडवाला जसे बांबू. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात दिसलं की अल्झायमरच्या जनुकांचे उंदीर अगदी लहान असतात, विसराळूपणाची काही चिन्हं नसतात, तेव्हाच हे बांबू सुटायला लागलेले असतात. 2019 मध्ये पुढचा भाग आला. अॅक्टिनची गंधकाची टोकं गंजतात, म्हणून धागे तुटतात. आणि मेंदूत ग्लुटारेडॉक्सिन वाढवलं तर गंज कमी होतो, उंदरांची हरवलेली शिकण्याची ताकदही परत येते.

लाखोळीच्या विषाचा अभ्यास करताना हाती लागलेलं एन्झाइम वीस वर्षांनी अल्झायमरच्या उंदरांना उपयोगी पडलं.

आता सावधगिरीचं बोलू, कारण अर्धवट बातमीनं नुकसान होतं. याच गटाचं 2012 चं एक काम अश्वगंधेवर होतं. अल्झायमरच्या उंदरांना अश्वगंधेच्या मुळाचा अर्क 30 दिवस तोंडावाटे दिला. मेंदूतलं अमायलॉइड कमी झालं, वागणं सुधारलं. गंमत म्हणजे औषधाचा परिणाम मेंदूत नाही तर यकृतात सापडला. यकृतात एक प्रथिन वाढलं, ते रक्तातलं अमायलॉइड ओढून घेऊ लागलं आणि मेंदूतलं अमायलॉइड त्या ओढीनं बाहेर पडू लागलं. काम सुंदर आहे. पण ते उंदरांवरचं आहे, आणि अर्कही प्रयोगशाळेत विशिष्ट पद्धतीनं काढलेला होता. बाजारातल्या कोणत्याही पुडीनं माणसाचा अल्झायमर बरा होतो हे सिद्ध झालेलं नाही. अश्वगंधेच्या गोळ्या घेऊन काही लोकांच्या यकृताला त्रास झाल्याच्याही नोंदी आहेत. आठवडी बाजारात किंवा मोबाईलवर 'स्मरणशक्ती परत' असं सांगणाऱ्याला म्हणून पैसे देऊ नका. ग्लुटारेडॉक्सिनचीही गोळी निघालेली नाही.

प्रयोगशाळा गावात गेली

उंदरांपुढे माणसांचं काय, हा प्रश्न राहतोच. आपल्याकडचं मेंदूच्या आजारांचं बहुतेक ज्ञान युरोप-अमेरिकेतल्या शिकलेल्या, शहरी, गोऱ्या लोकांवरून आलेलं आहे. उन्हात राबलेल्या, चुलीच्या धुरात आयुष्य काढलेल्या, शाळेची पायरी न चढलेल्या माणसाचा मेंदू कसा म्हातारा होतो, हे फारसं कुणी सलग पाहिलेलं नव्हतं. 2018 पासून बंगळुरूच्या मेंदू संशोधन केंद्रानं कर्नाटकातल्या कोलार जिल्ह्यातला श्रीनिवासपुरा तालुका यासाठी निवडला. गावांमधले 45 वर्षांपुढचे 10,000 लोक या अभ्यासात घ्यायचे आणि वर्षानुवर्षं त्यांची पुन्हा पुन्हा तपासणी करायची, अशी आखणी आहे. रक्त, जनुकं, स्मरणशक्तीच्या चाचण्या, मेंदूचा एमआरआय, सगळं त्यात येतं.

गाव का, याचं उत्तर आकड्यांत आहे. देशातल्या ज्येष्ठांच्या पाहणीवरून 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार 60 वर्षांपुढच्या भारतीयांपैकी 7.4 टक्के, म्हणजे सुमारे 88 लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. शहरात हे प्रमाण 5.3 टक्के आणि खेड्यात 8.4 टक्के. 'हा शहरी लोकांचा आजार' असं आपण समजत होतो, ते चुकीचं निघालं.

आणखी एक आकडा विचारात टाकतो. बायकांत हे प्रमाण 9 टक्के, पुरुषांत 5.8. मग मादी उंदरांच्या त्या संरक्षणाचं काय झालं? बायका जास्त जगतात, त्यांना शाळा कमी मिळाली, ही कारणं आहेत. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन घटतं, हेही एक असू शकतं. यावर काम चालू आहे.

कास्तकारांसाठी आणि घरातल्या म्हाताऱ्यांसाठी

लाखोळीबाबत : 0.1 टक्क्यापेक्षा कमी ओडॅप असलेले रतन, प्रतीक, महातिवडा हे वाण कृषी संस्थांनी काढले आहेत. बियाणं घेताना वाण विचारा. ओडॅप पाण्यात विरघळतं, त्यामुळे डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकून दिलं, किंवा भरपूर पाण्यात उकळून वरचं पाणी काढून टाकलं तर विषाचा बराच भाग निघून जातो. वरणात वरण म्हणून खा, पण दोन वेळचं पोट त्याच्यावर भरू नका. तूर महागली की तुरीच्या डाळीत आणि बेसनात लाखोळीची भेसळ होते. लाखोळीचा दाणा तिरका, कुऱ्हाडीच्या पात्यासारखा दिसतो. पीठ झाल्यावर मात्र डोळ्यानं ओळखता येत नाही.

घरातल्या माणसाबाबत : चष्मा कुठे ठेवला हे विसरणं वेगळं आणि रोजच्या वाटेवर घर न सापडणं वेगळं. तोच प्रश्न दहा वेळा विचारणं, पैशाचा हिशेब अचानक न जमणं, आयुष्यभर केलेली भाजी कशी करायची ते न आठवणं, संशय, रात्रीची भटकंती, हे 'म्हातारचळ' म्हणून सोडून देऊ नका. बाहेरची बाधा म्हणून तर मुळीच नाही. थायरॉइड बिघडल्यामुळे, बी-12 जीवनसत्त्व कमी पडल्यामुळे, मनाच्या उदासीनं किंवा चालू असलेल्या एखाद्या औषधामुळेही असा विसर पडतो, आणि तो उपचारानं सुधारू शकतो. रक्तदाब, साखर, तंबाखू, दारू, ऐकू कमी येणं आणि एकटं पडणं यांनी धोका वाढतो. यातल्या प्रत्येक गोष्टीवर काही ना काही करता येतं.

जिल्हा रुग्णालयात दाखवायला नेताना जुन्या चिठ्ठ्या आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं बरोबर ठेवा, काढा-चूर्ण घेत असतील तर तेही सांगा. आणि सोबत जो माणूस रोज त्यांच्याजवळ राहतो तोच जाऊ द्या. सून असेल तर सून. मुंबई-पुण्याहून दोन दिवसांसाठी आलेल्या मुलाला डॉक्टरांच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं देता येत नाहीत.